वकिलाची विनामूल्य सेवा कशाला म्हणावे?

श्रोतेहो, चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर अन्नछत्रे चालतात. आलेल्या भाविकाच्या पानात वाढताना कोणी मोल मागत नाही. ते अन्नदान. पण खाणावळीत जेवून एखादा पैसे बुडवून पळाला, तर खाणावळवाला ते जेवण दानात धरील काय? वकिलीचेही असेच आहे.

पक्षकाराची ऐपत नाही हे जाणून, वकीलपत्र घेतानाच फी न घेण्याचे ठरवावे आणि काम नेटाने शेवटास न्यावे, ही खरी विनामूल्य सेवा. बुडालेली फी तीत बसत नाही. मेहुण्याचा दावा फुकट चालवला, तर तो नात्याचा व्यवहार. पहिला सल्ला फुकट आणि पुढे फी, हा धंद्याचा भाग. आणि "आता काही देऊ नका, जमीन सुटली की चौथाई द्या," असे कोणी म्हणाला, तर सावध राहा! निकालावर फी ठरवण्यास किंवा दाव्यातल्या मिळकतीत वाटा घेण्यास वकिलांच्या आचारनियमांची मनाई आहे. उलट, गरजू गरिबाला मोफत साहाय्य देणे हे वकिलाचे मोठे सामाजिक कर्तव्य, असे तेच नियम सांगतात.

दुसरी वाट सरकारी साहाय्याची. १९७६ साली घटनेत कलम ३९-अ आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. यात वकिलाला मानधन प्राधिकरण देते. म्हणून काटेकोर बोलायचे तर हे त्याचे दान नव्हे. पण पक्षकाराने त्याला काही द्यायचे नसते. कोर्ट फी नि कागदपत्रांचा खर्चही प्राधिकरणच सोसते.

हे कोणाला मिळते? स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे, अपंग, कारखान्यातील कामगार आणि अटकेतील माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांचे वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांच्या आत हवे. म्हणजे जोतिबाच्या वाडी रत्नागिरीतील एखाद्या बाईला पोटगी मागायची असेल, तर घरात शेती आहे म्हणून तिला कोणी परत पाठवू शकत नाही. तिने तालुका विधी सेवा समितीकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. नेमलेला वकील पैसे मागू लागला, तर तक्रारही तेथेच करावी.

शिक्षकबंधूंनो, गावात अर्ज लिहून देणारे पुष्कळदा तुम्हीच असता. अर्ज लिहिताना एवढे जरूर सांगा, की हे भीक मागणे नव्हे. १९७८ साली हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की कैद्याला अपिलासाठी मोफत वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. आणि कर्तव्य म्हटले, की काम फुकट आहे म्हणून उणे करून चालत नाही. तारीख कधी, कागद कोणते दाखल झाले, पुढे काय होणार, हे विचारण्याचा हक्क फी न देणाऱ्यालाही तितकाच आहे. तो त्याने नि:संकोच बजावावा.