दोन वर्षांनी शिळे होणारे प्रमाणपत्र

डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतीवर पदव्यांच्या जोडीला कधी कधी ‘ए.सी.एल.एस.’ अशी अक्षरे असलेले एखादे प्रमाणपत्र दिसते. ही पदवी नव्हे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्ट’, म्हणजे बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्यासाठी करावयाच्या प्रगत उपचारांचे हे प्रशिक्षण. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हा अभ्यासक्रम आपल्याकडेही डॉक्टर व परिचारिका करतात. त्याचे प्रमाणपत्र मात्र दोनच वर्षे ग्राह्य धरतात. पुढे पुन्हा परीक्षा!

शिकल्यासवरल्या डॉक्टरांना ही परीक्षा कशासाठी, असे आपल्याला वाटेल. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रुग्ण घामाघूम होतो, पण बहुधा बोलत असतो. हृदय बंद पडते तेव्हा नाडी लागत नाही, शुद्ध हरपते. अशा वेळी काहीच केले नाही, तर दर मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. पुस्तक उघडायला सवडच नसते. हातांना सवय हवी.

म्हणून तयारीची सुरुवात औषधांपासून होत नाही, छाती दाबण्यापासून होते. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाबांनंतर दोन श्वास. हे रबरी पुतळ्यावर करून पाहावे, म्हणजे दोन मिनिटांत दंड कसे भरून येतात ते कळते. दमलेल्या माणसाचे दाब उथळ होतात आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हा नियमच आहे. माझ्या मते साऱ्या अभ्यासक्रमात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि डोस पाठ करण्याच्या नादात नेमके याकडेच दुर्लक्ष होते.

दुसरा भाग ई.सी.जी. ओळखण्याचा. हृदयाचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत असतील, किंवा अतिवेगाने धडधडूनही नाडी लागत नसेल, तर विजेचा झटका द्यायचा. पडद्यावरची रेघ सपाट झाली असेल, तर झटक्याचा उपयोग नाही. सिनेमात नेमके उलटे दाखवतात! तेथे छाती दाबत राहायचे, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनालिन शिरेतून द्यायचे आणि हृदय का थांबले ते शोधायचे. रक्तस्राव, प्राणवायूची कमतरता, पोटॅशियमचे बिघडलेले प्रमाण, फुप्फुसात अडकलेली गुठळी, अशी कारणांची यादी तोंडपाठ असावी लागते.

लेखी परीक्षेत चौऱ्याऐंशी टक्के गुण मिळाल्याशिवाय उत्तीर्ण करत नाहीत. पण खरी कसोटी लागते ती ‘मेगाकोड’मध्ये. पुतळ्याची तब्येत मिनिटामिनिटाला बदलत जाते आणि उमेदवाराने चार-पाच जणांच्या तुकडीचे नेतृत्व करायचे. डॉक्टरांनी औषध सांगितले की सिस्टरने डोस मोठ्याने पुन्हा उच्चारायचा, आणि दिल्यावर ‘दिले’ म्हणून सांगायचे. डोस चुकीचा वाटला तर ‘सर, थांबा’ म्हणायचीही तिला मुभा असते. नव्हे, ते तिचे कामच असते. आपल्याकडच्या रुग्णालयांत हे अंगवळणी पडायला अंमळ वेळच लागतो.

शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच बोथट होऊ लागते. ज्या रुग्णालयात अधूनमधून पुतळ्यावर सराव होतो आणि झटका देण्याचे यंत्र रोज तपासले जाते, तेथील प्रमाणपत्राला अर्थ आहे.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली आपल्या परिस्थितीला साजेशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. डॉक्टरांसाठी प्रगत, इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी मूलभूत, आणि सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याचे, असे त्यांत तीन स्तर आहेत. या तिसऱ्या स्तरात तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करायला सांगून रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहायचे.