मालमोटारीचा कर : भरण्याच्या रीती व न वापरल्याची सूचना

आगबोटींच्या काळीं दापोलीचा माल हर्णै व दाभोळ या बंदरांतून मुंबईस जात असे. आतां तो खेडवरून महामार्गानें वाशीच्या बाजारांत जातो, आणि कित्येक बागाईतदारांनीं भाड्याच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षां स्वतःचा ट्रक घेतला आहे. आंब्याचा हंगाम मार्चपासून मेअखेरपर्यंत चालतो. पुढें पावसाळा लागला कीं तोच ट्रक मांगराच्या आडोशास उभा राहतो. चाक थांबलें म्हणजे करही थांबला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत ऐन हंगामांत मोजावी लागते. म्हणून या विषयाची माहिती येथें थोडक्यांत देत आहों.

मुंबई इलाख्यांत १९३५ मध्यें मोटार-कराचा कायदा झाला. त्याची जागा १९५८ च्या कायद्यानें घेतली, व तोच आज महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम या नांवानें चालू आहे. वाहन वापरलेलें असो किंवा वापरण्यासाठीं नुसतें ठेवलेलें असो, त्यावर कर बसतो, हें या कायद्याचें मर्म होय. तें किती मैल धांवलें, हा प्रश्न कायदा विचारीत नाहीं. ज्याच्या नांवावर नोंदणी, तो वाहन वापरण्यासाठींच ठेवतो, असें गृहीत धरलें जातें. तसें नसल्यास तें कळविण्याचा भार मालकावर असतो. तसेंच, आपला ट्रक शेतमाल वाहतो एवढ्यावरून तो शेतीचें अवजार ठरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

मोठ्या ट्रकाचा कर भारासह नोंदलेल्या वजनाप्रमाणें ठरतो व तो आगाऊ भरावयाचा असतो. तो एकदम वर्षाचा भरावा किंवा तिमाहीच्या हप्त्यानें, याचा निर्णय मालकानें आपल्या कामाकडे पाहून करावा. आंबा संपल्यावर जो ट्रक खत, चिरा किंवा भात वाहतो, त्याचा वर्षाचा कर एकदम भरणें सोयीचें. तारखा सांभाळण्याचा त्रास वांचतो. जो केवळ हंगामापुरता चालतो, त्याला तिमाहीची रीत बरी. लहान गाड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पांत साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांस किंमतीच्या ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा करण्याचें ठरलें. दहा लाखांच्या गाडीस हा कर सत्तर हजार होतो. तेव्हां नवी गाडी घेणारानें ही रक्कम खरेदीच्या हिशेबांतच धरावी.

कर भरण्यासाठीं आतां रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयापर्यंत खेप घालण्याचें कारण उरलें नाहीं. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय व्यवस्थेंत गाडीचा क्रमांक व चासी क्रमांकाचे शेवटचे पांच अंक घालून, नोंदविलेल्या मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकानें घरबसल्या भरणा करतां येतो. बँकेच्या खात्यांतून किंवा कार्डानें पैसे देतां येतात. मात्र नोंदणींत आपलाच मोबाइल क्रमांक आहे, हें आधींच पाहून ठेवावें. खात्यांतून पैसे गेले व पावती आली नाहीं, तर घाईनें दुसऱ्यांदा भरूं नये. आधीं त्या व्यवहाराची स्थिति तपासावी. पावतीची छापील प्रत गाडींत व दुसरी घरीं ठेवावी.

आतां उभ्या राहणाऱ्या ट्रकाविषयीं. गाडी कांहीं महिने वापरावयाची नसेल, तर भरलेल्या कराची मुदत संपण्यापूर्वीं ‘एन. टी.’ या नमुन्यांत तसें निवेदन द्यावें लागतें. गाडी किती काळ व कोणत्या ठिकाणीं उभी राहील, हें त्यांत लिहावें. मागाहून ‘ती उभीच होती’ असें सांगून भागत नाहीं. सूचना दिल्यावर गाडी दुसरीकडे न्यावयाची झाल्यास तेंही आधीं कळवावें.

सूचना न दिल्यास काय होतें, हें उदाहरणानें पाहूं. समजा, एका बागाईतदाराकडे १०,००० रुपये कर थकला. थकबाकीवर दरमहा २ टक्के व्याज धरलें, तर आठ महिन्यांत १,६०० रुपये होतात. मार्चांत योग्यतेचा दाखला नवा करण्यास तो गेला, कीं ११,६०० रुपये आधीं मागितले जातात. ट्रक आठ वर्षांहून जुना असल्यास हा दाखला दरसाल घ्यावा लागतो. इकडे पेट्या भरून तयार असतात, आणि फळ कागदपत्रांसाठीं थांबत नाहीं.

अमेरिकेंतही ५५,००० पौंड किंवा अधिक भाराच्या ट्रकांवर असा कर आहे. तेथें शेतकामाचें वाहन वर्षांत ७,५०० मैलांहून अधिक धांवणार नसेल, तर करांतून सूट मिळते; परंतु विवरणपत्र तरीही भरावेंच लागतें. म्हणजे सवलत तेथेंही न बोलतां मिळत नाहीं.

सारांश, मेअखेर शेवटची खेप वाशीस पोंचली कीं ट्रक मांगराशीं लावण्यापूर्वीं मालकानें कराच्या पावतीवरील मुदत वाचावी. पावसाळ्यांत काम असेल तर पुढील तिमाही भरावी. नसेल तर वेळेवर निवेदन द्यावें. एवढें केल्यास पुढचा मोहर निश्चिंतपणें पाहतां येईल.