दसरा झाडाला कळत नाही

पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागतं आणि गच्चीवर, बाल्कनीत, वाड्याच्या मागच्या अंगणात कुंड्या सांभाळणाऱ्यांची देवाणघेवाण सुरू होते. शेवंतीच्या काश्या, गुलाबाच्या फांद्या, वालाचं घरचं बी या घरून त्या घरी जातं. सोबत सल्लेही जातात. दसरा झाला की गुलाब छाटा, दसऱ्यानंतर कोथिंबीर-पालक पेरा, शेवंतीला आता खत द्या, लिंबाचं पाणी तोडा. यातले बहुतेक सल्ले कुणाच्या तरी अनुभवातून आलेले असतात आणि पुष्कळदा खरेही ठरतात. खटकते ती त्यांना चिकटलेली तारीख. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन वर्षांत तो बावीस दिवस अलीकडे सरकला, कारण तिथींचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं आणि अधिक महिना येऊन मेळ बसवीपर्यंत सण मागेमागे येत राहतात. सोनं लुटायला त्याने काही बिघडत नाही. झाडाच्या लेखी मात्र २ ऑक्टोबर आणि २४ ऑक्टोबर हे दोन वेगळे दिवस आहेत. त्यातही शेवंतीच्या लेखी ते एका कारणाने वेगळे, गुलाबाच्या लेखी दुसऱ्या आणि कोथिंबिरीच्या लेखी तिसऱ्याच. ‘दसऱ्यानंतर’ या एका शब्दात ही तीनही कारणं आपण कोंबली आहेत, आणि शरदातल्या सल्ल्यांचा घोळ होतो तो तिथे.

आपल्याकडे सूर्याला धरून चालणारी कालगणना नव्हती असं मुळीच नाही. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनला, हस्तात सप्टेंबरच्या २६-२७ला, चित्रात ऑक्टोबरच्या १०-११ला, स्वातीत २३-२४ला. दरवर्षी, एखाद्या दिवसाच्या फरकाने. एकाच मोसमातले मुलींचे दोन खेळ पाहा. भोंडला घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे तिथीला बांधलेला. पारंपरिक हादगा मात्र सूर्य हस्तात गेला की बसतो. पाटावरचा हत्ती दोन्हींत तोच, गाणीही बरीचशी तीच, पण एकामागे चंद्र आहे आणि दुसऱ्यामागे सूर्य. रब्बीची पेरणी ठरवणाऱ्या माणसाने यातला कोणता हिशेब धरला हे उघड आहे. पिकाचा जीव ज्यात अडकलेला होता तिथे गावाने सौर गणना ठेवली आणि सणासुदीला चांद्र. शहरात येताना आपण सण तेवढे बरोबर आणले.

सूर्याचा हिशेब झाडाला इतका का लागतो, याचं उत्तर एका तंबाखूने दिलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे शास्त्रज्ञ ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या वाणाने बेजार झाले होते. उन्हाळ्यात तो शेतात माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र हातभर रोपालाही फुलं येत. तापमान, खत, पाणी असं सगळं बदलून पाहिल्यावर १९१८ च्या जुलैत त्यांनी काही रोपं दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली. खोटा हिवाळा मिळालेली ती रोपं फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दिवसाच्या लांबीवर फुलणारी झाडं असा एक नवा विषयच उभा राहिला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी रस्त्याकडेला उगवणाऱ्या, कपड्यांना काटेरी फळं चिकटवणाऱ्या गोखरूच्या जातभाईवर प्रयोग करून दाखवलं की झाड दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला तर फूल हुकतं. भर दिवसा थोडा वेळ अंधार केला, तर काहीच बिघडत नाही.

याच काळात रशियात चैलाख्यान यांनी आपल्या ओळखीची शेवंती घेतली. वरच्या भागाची पानं काढून तो उघडा शेंडा त्यांनी लांब दिवसात ठेवला आणि खालच्या पानांना लहान दिवस दाखवला. शेंड्याला फुलं आली. उलट केलं तेव्हा आली नाहीत. म्हणजे रात्र मोजतात पानं, फुलतो शेंडा, आणि मधून काहीतरी निरोप जातो. त्या निरोप्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. तो प्रत्यक्ष हाती लागायला मात्र २००७ साल उजाडलं. एक रानमोहरी आणि भात या दोन वनस्पतींत, पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत जाणारं प्रथिन तेव्हा ओळखलं गेलं. उजेड-अंधार ओळखणारं रंगद्रव्य, फायटोक्रोम, त्याच्या कितीतरी आधी सापडलं होतं, तेही लेट्यूसच्या बियांमुळे. तांबडा प्रकाश टाकला की बी उगवतं, त्यानंतर अतिलाल प्रकाश टाकला की थांबतं, आणि आलटून पालटून कितीही वेळा टाकला तरी शेवटचा झोत कोणता एवढंच बी लक्षात ठेवतं, असं १९५२ मध्ये दिसून आलं होतं.

इथे एक वाजवी शंका निघते. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठ तासांच्याही आत. तिथल्या झाडाला ऋतू कळणारच. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. सबंध वर्षात फरक दोन-सव्वादोन तासांचा आणि ऑक्टोबरात रात्र वाढते ती दिवसाला जेमतेम मिनिटभराने. २०२३ आणि २०२५ च्या दसऱ्यांतलं अंतर या मापाने वीस-बावीस मिनिटं भरतं. एवढ्याने काय होणार? शेवंतीचं काय होतं ते कळायला दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, पानाला संधिप्रकाशही दिसतो, त्यामुळे त्याचा दिवस पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्तापेक्षा मोठा असतो आणि आपला जूनचा दिवस जवळपास चौदा तासांचा होऊन शेवंतीच्या उंबरठ्याच्या आसपास जातो. दुसरी, हा उंबरठा कळी धरण्यासाठी एक आणि ती कळी पुढे वाढण्यासाठी दुसरा, अधिक लांब रात्रीचा असतो, आणि वाणागणिक तो बदलतो. म्हणून एकाच गच्चीवरचा एक वाण गणपतीतच डोकावतो आणि दुसरा मार्गशीर्षापर्यंत ढिम्म राहतो. आपल्याकडे ऋतूंतला फरक थोडा आहे म्हणून शेवंतीला तो कळत नाही, असं नव्हे. फरक थोडा असल्यामुळे त्यात केलेली ढवळाढवळ मात्र तिला लगेच बाधते.

ढवळाढवळ करतो तो आपला दिवा. शेवंतीची व्यापारी लागवड करणारे हेच हत्यार म्हणून वापरतात. झाड हवं तेवढं वाढेपर्यंत मध्यरात्री दोन-चार तास दिवे लावून रात्र तोडायची, मग दिवे बंद करून किंवा काळा कागद ओढून फुलं आणायची. ड्रॅगन फ्रूटवाले याच्या उलट करतात: ते झाड छोट्या रात्रीत फुलणारं, म्हणून हिवाळ्यात बागेत रात्री दिवे लावून त्याला उन्हाळा दाखवतात. शहरातल्या बाल्कनीत हेच नकळत घडतं. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत थेट पडणाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली शेवंती किंवा पॉइन्सेटिया हिरवीगार, पालेदार राहते आणि कळी धरायचं नाव घेत नाही. मग सल्ला मिळतो खत वाढवण्याचा. नत्र वाढलं की पाला आणखी वाढतो. इथे तारीख चुकलेली नसते आणि खतही कमी पडलेलं नसतं; झाडाला रात्र मिळालेली नसते. दिवाळीच्या चार दिवसांच्या माळांनी शेवंती बिघडते का, असं विचारलं जातं. त्या माळांचा उजेड मंद असतो आणि रात्री थोड्या असतात, त्यामुळे सहसा नाही. महिनोन्‌महिने रात्रभर जळणारी जिन्यातली ट्यूब मात्र बिघडवते.

गुलाबाचं सगळंच निराळं. आजचे बहुतेक बागेतले गुलाब रात्र मोजत नाहीत. नवा फुटवा आला की त्याच्या टोकाला फूल येतं, मग महिना कोणताही असो. छाटणी म्हणजे नवा फुटवा मागणं. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडवला की तो दाब जातो, पानांनी केलेली साखरही त्या डोळ्यांकडे वळते आणि वरचे दोन-तीन डोळे फुगतात. म्हणून काप बाहेरच्या अंगाला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता घ्यायचा. डोळ्यापासून फार वर घेतला तर मधला खुंट वाळतो. मग ऑक्टोबरच का? कारण ओली जखम. पावसात छाटलेल्या फांदीच्या तोंडातून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत जाते. गुलाबाची खूण म्हणजे पाऊस गेला, हवा कोरडी झाली. आता मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये बदलली. पूर्वी ती सप्टेंबरअखेरची होती, आता ८ ऑक्टोबर आहे. ही झाली सरासरी. एखाद्या वर्षी परतीचा पाऊस पंधरवडा रेंगाळतो. २ ऑक्टोबरला दसरा म्हणून ३ तारखेला कात्री चालवली, तर नेमका तो पाऊस जखमांवर पडायचा.

याच कारणाने नक्षत्रांच्या बाजूनेही मला फार ताणायचं नाही. सूर्यनक्षत्रं रात्रीच्या लांबीचा हिशेब पक्का देतात, पावसाचा अंदाजच देतात. शिवाय ती ताऱ्यांना धरून असल्यामुळे ऋतूंपासून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतात. एका माळ्याच्या हयातीत हा फरक नगण्य, पण हजार वर्षांपूर्वीचं वचन आज जसंच्या तसं लावणाऱ्याला दोन आठवड्यांचा.

कोथिंबिरीला ना रात्रीशी देणंघेणं, ना पावसाशी. पेरताना तिला मातीचा गारवा हवा असतो. धणा म्हणजे दोन बियांचं फळ, म्हणून तो हलका रगडून दोन डाळी करायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग माती तिशीच्या पुढे तापलेली असली की उगवण विरळ का होते, हे मात्र बियाणेवाल्याच्या माथी मारलं जातं. लेट्यूस तर तापलेल्या मातीत साफ संप करतं. बी जिवंत असतं, पण उन्हाळा समजून झोपून राहतं. आता ऑक्टोबर हीटमधली गच्ची पाहा. ढग गेलेले, सूर्य अजून बराच वर, खाली तापलेला स्लॅब आणि त्यावर काळ्या प्लॅस्टिकची पिशवी. दुपारी तीन वाजता त्या मातीत बोट खुपसलं तर ते हवेपेक्षा जास्त पोळतं. शेतातल्या जमिनीत पेरणाऱ्याचा ‘दसऱ्यानंतर’ इथे निरुपयोगी आहे. पिशवी सावलीत सरकवा, नाहीतर रात्री गारठू लागेपर्यंत थांबा.

लिंबाच्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी, आणि तिच्यात शेतकऱ्याचा शब्द अजून शाबूत आहे. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार अशी नावं डाळिंब-लिंबू-पेरूवाले आजही वापरतात. झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होऊन काही गळाली की वाढ थांबते, साठा फांदीत राहतो आणि पुन्हा पाणी मिळताच फुटव्याबरोबर फूल येतं. हस्त बहारातलं कागदी लिंबू उन्हाळ्यात, भाव चढलेले असताना निघतं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन ओली असल्यामुळे शेतात ताण बसणं कठीण. म्हणून बागायतदार वाढ रोखणाऱ्या रसायनाचा आधार घेतात. ड्रममध्ये लिंबू लावणाऱ्याचं इथे मात्र फावतं. ड्रम छपराखाली सरकवला की पाऊस तुटला. अर्थात त्याच ड्रममध्ये माती थोडी असल्यामुळे ताण दोन-तीन आठवड्यांऐवजी चार-सहा दिवसांतच टोकाला जातो, तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा पानाकडे पाहावं.

कुणी म्हणेल, हौसेच्या चार कुंड्यांसाठी एवढा काथ्याकूट कशाला, शेजारच्या काकू सांगतात ते वर्षानुवर्षं जमतंच आहे. जमतं, कारण त्या काकू तारीख सांगत असल्या तरी पाहतात आभाळ, माती आणि फांदी. सांगताना तेवढं गळतं. शेजारी ते भरून निघतं, लांब गेल्यावर नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ऑक्टोबरात कढीपत्त्याची कुंडी आत घ्यावी लागते, ती तिथल्या रात्री गोठू लागतात म्हणून. मेलबर्नला शरद येतो मार्च ते मेमध्ये. तिथे शेवंती मे महिन्यात फुलते आणि मातृदिनाचं फूल होऊन बसते. इथे आणि तिथे शेवंतीचा नियम एकच, महिना वेगळा. आणि झेंडू? तो खरोखर दसऱ्याला बांधलेला आहे, पण ते बाजारामुळे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरणापुरता भाव मिळावा म्हणून शेतकरी त्या वर्षीच्या तारखेपासून मागे सुमारे दोन महिने मोजून रोपं लावतो. सण पुढे गेला की लावणही पुढे.

रस्त्याच्या दिव्याखाली अडकलेल्या शेवंतीला उपाय आहे आणि तो फुकट आहे. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवता आली तर उत्तम. नाहीतर संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचं खोकं किंवा दाट काळं कापड टाकायचं, सकाळी आठला काढायचं. मध्ये डोकावून टॉर्च मारायची नाही आणि एकही रात्र चुकवायची नाही. आतल्या दमटपणाने पानांवर ठिपके पडू लागले तर कापड थोडं उचलून हवा खेळू द्यावी, पण उजेडाच्या उलट बाजूने. कळी दिसायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. तिच्यात पाकळ्यांचा रंग डोकावला की खोकं बाजूला ठेवायचं. त्यानंतर दिवा रात्रभर जळला तरी फूल उमलतं.