मत्स्यशेती आणि वर्तमानपत्रें

सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र हीं पुष्कळ सुशिक्षित घरांत जोडीनेंच येतात. वडील मंडळी मथळे मोठ्यानें वाचतात, मुलें ऐकतात, आणि बातमी माजघरांत पोंचेपर्यंत तिचें मत बनलेलें असतें. तें कसें बनतें, याचा एक दाखला आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो मत्स्यशेतीचा आहे. आमच्या अनेक वाचकांच्या घरीं मासा शिजत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दाखल्याचें मर्म सर्वांच्याच उपयोगी पडेल.

थंड प्रदेशांत किनाऱ्यालगत समुद्रांत जाळ्यांचे प्रचंड पिंजरे सोडून त्यांत सॅमन नांवाचा मासा वाढवितात. जानेवारी २००४ मध्यें ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकांत रोनाल्ड हाइट्स व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं ठिकठिकाणचे सुमारें ७०० मासे तपासले होते. पीसीबी या घातक रसायनाचें प्रमाण मोकळ्या माशांत अब्जांत सुमारें ५ भाग, तर पाळलेल्या माशांत सुमारें ३७ भाग आढळलें. कांहीं ठिकाणचे मासे महिन्यांतून एकदांहूनही कमी खावे, असा इशारा त्यांत होता.

लागलीच विष आणि कर्करोग हे शब्द मथळ्यांत झळकूं लागले. स्कॉटलंडचे उत्पादक संतापले. ब्रिटनच्या सरकारी अन्नसंस्थेनें मात्र, मासे खाण्यांत अपायापेक्षां लाभच अधिक आहे, असें जाहीर केलें.

यांत खोटें कोण बोललें? कोणीही नाहीं. ३७ हा आंकडा खरा. अमेरिकन सरकारनें बाजारांतील माशांस घालून दिलेली मर्यादा २००० भागांची होती, हेंही खरें. ती मर्यादा जुनी असून निव्वळ आरोग्याच्या दृष्टीनें ठरविलेली नाहीं, हें संशोधकांचें म्हणणेंही विचारार्ह. परंतु ‘सातपट विष’ म्हटलें कीं छातींत धस्स होतें. ‘मर्यादेच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी’ म्हटलें कीं जीव भांड्यांत पडतो. मासा तोच!

शिवाय हें रसायन आलें कोठून? सॅमनला लहान सागरी माशांची भुकटी व तेल चारीत. चरबींत सांठणारें विष त्या वाटेनें त्याच्या अंगांत उतरे. दोष मुख्यतः खाद्याचा, आणि खाद्य बदलतां येतें. पण एवढी गोष्ट मथळ्यांत मावत नाहीं. भीतीनें मासा सोडणारा मनुष्य मात्र त्यांतील हृदयास हितकर स्निग्धांशासही मुकतो.

मत्स्यशेती निर्दोष आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पिंजऱ्यांखालीं सांचणारा मळ, सागरी उवांचा उपद्रव, निसटलेल्या माशांचा मोकळ्या माशांशीं होणारा संकर, हीं गाऱ्हाणीं खरीं आहेत. परंतु २०२२ सालीं जगांत पाळलेल्या जलचर प्राण्यांचें उत्पादन पकडलेल्यांहून प्रथमच अधिक झालें. कोट्यवधि लोकांचें अन्न ज्या धंद्यावर अवलंबून, त्याचा निवाडा एका मथळ्यानें व्हावा काय?

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं बातमी वाचतांना मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावें: हा आंकडा कशाच्या तुलनेनें? किती खाल्ल्यानें अपाय? आणि दुसऱ्या पक्षाचें म्हणणें कोठें छापलें आहे? तांदूळ निवडल्यावांचून आपण चुलीवर ठेवीत नाहीं. बातमीही निवडूनच घ्यावी.