स्वयंचलित यंत्र आणि विसरलेले कौशल्य

यंत्रामुळे श्रम वाचतात, हा अर्थशास्त्रातील जुना हिशेब आहे. परंतु यंत्र स्वयंचलित झाल्यावर त्याच्यापाशी बसलेल्या माणसाचे काय होते, हा रकाना बहुधा कोराच राहतो.

रिओ द जानेरोहून पॅरिसला चाललेले एअर फ्रान्सचे विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि 228 जण प्राणांस मुकले. इंजिने चालू होती. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, आकडे विसंगत झाले आणि स्वयंचलित यंत्रणेने विमानाचा ताबा सोडला. सुमारे मिनिटभरात आकडे सुधारले. पण तोवर वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले होते. वेग घटला, पंखांचा आधार सुटला. इशाऱ्याचा आवाज वारंवार होत असताही नेमके काय घडत आहे, हे वैमानिकांना उमगले नाही. यंत्रणेने ताबा सोडल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सारे संपले.

वैमानिकांवर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु एवढ्या उंचीवर हाताने विमान चालविण्याचे शिक्षण त्यांना मिळालेच नव्हते, असे फ्रेंच चौकशी मंडळाने 2012 च्या अंतिम अहवालात नमूद केले.

या धोक्याची मीमांसा लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1983 मध्येच केली होती. माणूस चुकतो म्हणून त्याचे काम यंत्राकडे जाते. मात्र यंत्राला न जमणारा कठीण प्रसंग पुन्हा त्याच्याच माथी येतो. फारसे काही घडत नसेल, तर अर्ध्या तासापलीकडे माणसाचे लक्ष टिकत नाही आणि हातचे कौशल्यही सरावाअभावी गंजते. म्हणूनच यंत्रणा जितकी बिनचूक, तितका माणसाच्या शिक्षणावर अधिक खर्च हवा, असे तिचे प्रतिपादन होते.

बेरजेचे यंत्र मिळाल्यावर आकडेमोड विसरलेल्या कारकुनाची चूक खातेवहीत दुरुस्त करता येते. विमानात वा अणुवीज केंद्रात तशी सवड नसते. हाताने विमान चालविण्याचा सराव राखावा, असा सल्ला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2013 मध्ये विमान कंपन्यांना दिला, तो याच जाणिवेतून.

कौशल्य हेही भांडवलच होय; ते न वापरल्यास त्याचा घसारा अधिकच वाढतो. यंत्राने वाचविलेल्या पैशातून हा घसारा भरून काढला नाही, तर ती बचत नव्हे. ते पुढे ढकललेले कर्ज आहे आणि त्याची वसुली अखेर निरपराध प्रवाशांकडून होते.