मेलनिकोव्ह यांचे घर

मेलनिकोव्ह यांचे घर ही मॉस्कोच्या अरबात भागातील एक वास्तू आहे. रशियन वास्तुविशारद कॉन्स्टँटिन मेलनिकोव्ह (१८९०–१९७४) यांनी ती १९२७ ते १९२९ या काळात स्वतःच्या कुटुंबासाठी उभारली. वास्तुविशारदांनी स्वतःसाठी बांधलेल्या घरांमध्ये हिला विशेष स्थान आहे.

पार्श्वभूमी

१९२५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनातील सोव्हिएत मंडपामुळे मेलनिकोव्ह यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभली. सोव्हिएत राजवटीत राजधानीच्या मध्यभागी खाजगी घर बांधणे ही दुर्मीळ गोष्ट होती. मेलनिकोव्ह यांना मात्र प्रायोगिक बांधकाम म्हणून जागा मिळाली. ही स्वस्त पद्धत पुढे सार्वजनिक गृहबांधणीतही उपयोगी पडावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

रचना

कमी-अधिक उंचीच्या दोन वृत्तचिती एकमेकींत शिरल्याप्रमाणे या घराची रचना आहे. भिंती विटांच्या जाळीच्या असून तिच्यात षट्कोनी पोकळ्या ठेवलेल्या आहेत. साठहून अधिक पोकळ्यांना खिडक्या बसवल्या असून उरलेल्या पोकळ्या बांधकामातील राडारोड्याने भरून वर गिलावा केलेला आहे. त्यामुळे विटांची बचत झाली आणि थंडीपासून संरक्षणही मिळाले. भार संपूर्ण जाळीवर विभागला जात असल्याने घरात कोठेही खांब नाहीत. तक्तपोशीलाही तुळया नाहीत. उभ्या फळ्या चौकटींच्या जाळीप्रमाणे परस्परांत गुंतवून ती तयार केली आहे. वरच्या मजल्यावरील कार्यशाळेत षट्कोनी खिडक्यांमधून भरपूर उजेड येतो. दर्शनी भागावर मेलनिकोव्ह यांचे नाव व ‘वास्तुविशारद’ ही अक्षरे कोरलेली आहेत.

नंतरचा काळ

१९३० च्या दशकात सोव्हिएत वास्तुकलेचे अधिकृत धोरण बदलले. मेलनिकोव्ह यांच्यावर ‘रूपवादी’ असल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि त्यांना बांधकामाची कामे मिळेनाशी झाली. इतरांसाठी इमारती उभारण्याची वाट बंद झाली, तरी स्वतःचे घर त्यांच्याकडे राहिले. तेथे चित्रे काढत त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले. ज्या पद्धतीचा सर्वत्र प्रसार व्हावा अशी त्यांची इच्छा होती, तिचा हा एकच नमुना राहिला.

त्यांचे पुत्र, चित्रकार व्हिक्टर मेलनिकोव्ह यांनी २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत या घराचे जतन केले. घराचे सार्वजनिक संग्रहालय व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. २०१४ मध्ये येथे शासकीय संग्रहालय सुरू झाले.