बत्तीस अंशांवर पाणी सोडणारे कण

मे महिन्यात कापसाच्या मुलखातल्या दारव्ह्यात गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत चटके बसण्याइतकी तापते. घरातल्या माठाचं पाणी मात्र गारच राहतं. ‘पीनायपॅम’ या पॉलिमरचे सूक्ष्म कण दोन्हींत सोडले, तर माठात ते पाणी पिऊन फुगतील आणि टाकीत पाणी सोडून आक्रसतील. दोन्हींमधली सीमा आहे सुमारे 32 अंश सेल्सिअस.

या पॉलिमरच्या साखळीवर पाण्याला धरणारे गट आहेत, तसेच पाणी टाळणारेही. गार पाण्यात पहिल्यांची सरशी होते. सीमा ओलांडली की ती पकड सुटते, पाणी टाळणारे गट एकमेकांना चिकटतात आणि साखळी गोळा होते. पाणी निवलं की कण पुन्हा फुगतो.

नुसत्या पीनायपॅमचा कण मऊ असतो. म्हणून आत पॉलिस्टायरीनचा किंवा सिलिकाचा टणक गाभा ठेवून त्याभोवती पीनायपॅमचं कवच वाढवतात. गाभा आहे तेवढाच राहतो, जाड-पातळ होतं ते कवच. जर्मनीत मत्थियास बालाउफ यांच्या गटाने 2006 मध्ये अशा कवचात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले. चांदी रासायनिक क्रियेला वेग देते. पण कवच आक्रसलं की बाहेरचे रेणू तिच्यापर्यंत पोहोचताना अडतात आणि क्रिया मंदावते. अशा रीतीने तापमानाने क्रियेला लगाम घालता येतो.

लहान आकाराचाही मोठा फायदा आहे. कण दहापट लहान केला, तर फुगण्या-आक्रसण्याचा वेळ साधारण शंभरपट घटतो. जेलच्या मोठ्या तुकड्याला तास लागतात, तिथे या कणांना क्षणही पुरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पीनायपॅम जेलमधलं पाणी साखळीला किती बांधलेलं असतं, याचं गणित मांडलं. भरपूर पाणी शोषणारं ‘जलशक्ती’ हे पॉलिमरही याच प्रयोगशाळेतलं.

असे पाणी धरणारे कण मातीत ओल टिकवायला वापरावेत, असं वाटेल; पण पीनायपॅम शेतात टाकण्याजोगं नाही. ते महाग आहे, मातीत सहज कुजत नाही आणि ज्या रसायनापासून बनतं ते विषारी आहे. इथे कापसाच्या मुलखाने लक्ष द्यावं अशी एक वाट आहे. जिनिंगनंतर सरकीवर जी आखूड लव उरते, ती बहुतांश सेल्युलोजच असते. त्यापासून हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज बनवता येतं. तेही गार पाण्यात विरघळतं आणि पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापलं की वेगळं होतं. औषधी गोळ्यांत ते आजही वापरलं जातं.